घर बघायला या, जेवूनच जा

मारोतराव खडतकरांनी रायपूरच्या शंकरनगरातलं घर विकायला काढलं ते पैशासाठी नव्हे, साळ्यासाठी.

साळा म्हणजे नरहर. विमलाबाईंचा धाकटा भाऊ. मुक्काम नागपूर, धंदा ठेकेदारीचा, आवाज ठेकेदारीहून मोठा. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत, ऐन वरणाच्या वेळी, हा नरहर म्हणाला होता, "रायपूर? म्हंजे नागपूरहून कलकत्त्याले जातानी झोपेत लागते, तेच टेसन ना ते भाऊजी?" पंगत हसली. वाढपी तर इतका हसला की त्याने मारोतरावांच्या पानात वरण दोनदा वाढलं. ज्या माणसाने सारी हयात त्याच टेसनाच्या मालगोदामात वॅगनी मोजण्यात घालवली, त्याने यावर काय बोलावं? मारोतरावांनी वरण गिळलं आणि वरणाबरोबर एक प्रतिज्ञाही गिळली, की एक दिवस नरहरच्याच गल्लीत, नरहरपेक्षा एक मजला उंच घर घेऊन दाखवीन. मग त्यांनी वाट पाहिली. वाट पाहणं रेल्वेच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आणि एके दिवशी भोपाळपासून वेगळं राज्य झालं. झोपेत लागणारं टेसन रात्रीतून राजधानी झालं. राज्य आलं, पण राज्य ठेवायला जागा कुठे होती? एक मोठा दवाखाना रिकामा करून त्यात मंत्रालय बसवलं. पाय प्लास्टरात असलेली माणसं पुढे महिनाभर सवयीने तिथे जात आणि शिपाई त्यांना विचारी, "कौन से साहब से मिलना है?"

शंकरनगरचं तर नशीबच पालटलं. मारोतरावांनी तिथे घर बांधलं तेव्हा आजूबाजूला धानाची शेतं होती. पुरानी बस्तीतले सोबती म्हणाले होते, "काहून रे, कोल्ह्यांच्या शेजारी राहाले चालला का?" आता त्याच गल्लीत लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या आणि घरांचे भाव आभाळाला भिडले. गल्लीच्या गायींनासुद्धा सायरनची समज आली. मंत्र्याची गाडी असली तर त्या उठून उभ्या राहत, आणि राज्यमंत्र्याची असली तर बसल्या बसल्या नुसती मान हलवत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मारोतरावांनी नरहरला फोन लावला. "नरहर, यंदाच्या दसऱ्याचं सोनं मी तुले आपल्या नागपूरच्या घरून देईन."

"हो का?" नरहर म्हणाला. "पाहू."

त्या 'पाहू'त जे काही होतं ते फोनच्या तारेतून थेट मारोतरावांच्या कानात शिरलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. आता दसऱ्याच्या आत घर विकणं आलं.

विमलाबाई तेव्हा विळीवर सांबार चिरत होत्या. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. आमच्याकडे तिला दुसरं नाव नाही. मारोतरावांनी बेत सांगितला.

"विका नं," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणून राहिले?"

एवढंच. फक्त विळीचा आवाज जरा वाढला.

घर विकायचं म्हटलं की पहिल्यांदा गिऱ्हाईक येत नाही, सल्ला येतो. शेजारी नाना सोनटक्के होते, निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली म्हणून आता स्वतःची मतं वाटत. ते म्हणाले, "मारोती, रंग देऊ नको. जुनं दिसलं पायजे. जुन्या घराले वजन असते." दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "रंग नाही दिला तं कोण कुत्रं इचारीन?" मारोतरावांनी दोन्ही सल्ल्यांचा मान राखला. घराला पुढून रंग दिला, मागून दिला नाही. पुढचा रंग पिस्त्याचा सांगितला होता. भिंतीवर चढल्यावर तो वेगळाच निघाला. भांडी घासायला येणारी मीराबाई फाटकातच थबकली आणि म्हणाली, "ए दाई! सरकारी अस्पताल कस दिखत हे!"

मारोतरावांना राग आला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हात गळ्यात बांधलेला एक म्हातारा खरोखरच ओट्यावर येऊन बसला आणि नंबर कधी लागेल म्हणून विचारू लागला. दवाखाना इकडे हलवला असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. विमलाबाईंनी त्याला चहा-पोळी दिली आणि तो बरा होऊन गेला.

मग आला दयाराम. हा गुढियारीच्या धान्यबाजारात पोत्यांची दलाली करी. राज्य झाल्यावर रायपुरात ज्याच्याकडे लुना होती तो घरांचा दलाल झाला, आणि दयारामकडे लुना होती. त्याने भिंतीवर थाप मारली, पोत्यात हात घालावा तसा कोपऱ्यात हात घातला, बोटं हुंगली आणि म्हणाला, "माल बढ़िया हे कका. फिकर झन कर. भोपाल ले बड़े-बड़े साहब आय हें, रहे बर जगह नइ हे."

ते खरंच होतं. भोपाळहून साहेबांची फौज आली होती, पण बायकामुलं भोपाळातच ठेवून. मोठमोठे साहेब एकेका खोलीत तिघे तिघे राहत आणि डब्यातली थंडगार डाळ खात. पद उपसचिवाचं, पोट मात्र वसतिगृहातल्या पोराचं. यातले पहिले उपसचिव शुक्लाजी, यांना दयाराम घर दाखवायला घेऊन आला तो भर दुपारी साडेबाराला.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. विमलाबाई वर्धेकडच्या. दुपारी दारी आलेला माणूस जेवल्यावाचून जाऊ द्यायचा नाही, हे त्या माहेराहून फोडणीच्या डब्यासारखं बरोबर घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी सांबारवड्या होत्या. पातळ पारीत सांबार, खोबरं, खसखस कोंबून तळलेल्या. सोबत गरम कढी.

"आधी घर पाह्यचं?" मारोतरावांनी विचारलं.

"पहले ज़रा बैठते हैं," शुक्लाजी म्हणाले, कारण तळणीचा वास तोवर बैठकीत आला होता. ते बसले ते बसलेच. पाचवी वडी तोंडात असताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने की आईच्या आठवणीने, ते त्यांनाच ठाऊक. जाताना म्हणाले, "घर बहुत ही अच्छा है दादा. कल फिर देखने आऊँगा."

त्यांनी घर पाहिलंच नव्हतं. पण मारोतरावांना वाटलं, पक्कं गिऱ्हाईक!

दुसऱ्या दिवशी शुक्लाजी आणखी दोघांना घेऊन आले. "ये भी इच्छुक हैं." तिसऱ्या दिवशी त्या दोघांचे दोन इच्छुक आले. महिन्याभरात खडतकरांच्या घरी रोज दुपारी पंगत बसू लागली. साहेब बैठकीत, ड्रायव्हर ओट्यावर. लाल दिवे उन्हात चमकत आणि कढीचा वास गल्लीभर पसरे. वारा पूर्वेचा असला की मंत्रालयातल्या बैठका आपोआप तहकूब होत, असं म्हणतात. साहेब लोक फोन करत, "दादा, आज क्या बना... मतलब, आज घर देख सकते हैं?" एक संचालक तर स्वयंपाकघराची पाहणी इतकी बारकाईने करी की विमलाबाईंना दोनदा झाकण ओढून घ्यावं लागलं. दुसऱ्या एका साहेबांनी स्पष्टच सांगून ठेवलं, "गुरुवार को मैं घर नहीं देखता, मेरा उपवास रहता है." विमलाबाईंनी गुरुवारी साबुदाण्याची उसळ केली. साहेब गुरुवारीही घर पाहू लागले. तिसऱ्याने आपल्या भोपाळच्या बंगल्याच्या बागेतला सांबार जीपभर पाठवला. फुकट कोण खातो!

"तुम्ही त्यांले 'नाही' काहून म्हणत नाही?" असं मारोतरावांना कुणी विचारलं असतं तर त्यांच्यापाशी उत्तर होतं. फाइल. घराच्या नकाशाची फाइल दोन राज्यांच्या वाटणीत भोपाळला राहिली होती. ती आल्याशिवाय विक्रीचे कागद होत नव्हते. आणि शुक्लाजींनी वडीवर हात ठेवून वचन दिलं होतं, "फाइल मैं मँगवाऊँगा." मारोतराव मालगोदामातले. हरवलेली वॅगन शोधतात तसे ते रोज विचारत, "सायेब, आज कुठपर्यंत आली?"

"चल पड़ी है दादा."

पुढच्या आठवड्यात, "इटारसी पार कर गई."

मग एक दिवस शुक्लाजी भुरका मारत म्हणाले, "नागपुर पहुँच गई!"

मारोतरावांचा घास हातातच राहिला. जिथे जायला ते स्वतः तडफडत होते, तिथे त्यांची फाइल त्यांच्या आधी पोचली होती. आणि तिथेच रमली. पुढे तिची बातमी येईना.

आषाढ गेला, श्रावण लागला. घर जागच्या जागी. नाना सोनटक्के रोज पंगतीच्या टोकाला शेजारधर्म म्हणून बसत. एक दिवस त्यांनी हात धुतला, मिशी पुसली आणि म्हणाले, "मारोती, एक गोष्ट ध्यानात आली का तुह्या? जो इथं जेवला, त्यानं घर घेतलं नाही."

"म्हंजे?"

"अरे बाबा, घर घेतलं तं जेवण बंद! तू नागपूरले गेला की विमलाबाई पण गेली. आपल्या ताटात आपल्याच हातानं माती कोण कालवते?"

मारोतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी दयारामला धरलं. दयाराम म्हणाला, "कका, ग्राहक ला भूखा पेट घर नइ दिखावँय," आणि दुसरी वडी घेतली. तेव्हा मारोतरावांना दिसलं की पहिल्या दिवसापासून दयारामही रोज इथेच जेवतो आहे, आणि अंगाने चांगलाच सुधारला आहे.

"उद्यापासून जेवण बंद," त्यांनी घरात फर्मान काढलं.

"तुम्हीच सांगा त्यांले," विमलाबाई म्हणाल्या. "दुपारच्या पाहुण्याले माह्या तोंडून 'जा' निघणार नाही."

मारोतरावांनी छातीत हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराला फाटक लावून समोर खुर्ची टाकून बसले. शुक्लाजींची गाडी थांबली.

"आज घर बंद है साहब. दिखाना नहीं है."

"कोई बात नहीं दादा," शुक्लाजी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "घर तो कल भी देख लेंगे. आज सिर्फ़ खाना खा लेते हैं."

आणि फाटक उघडून आत गेले.

त्या दिवशी मारोतरावांना पहिल्यांदा कळलं की आपल्या घरावर आपला ताबा उरलेला नाही. पण देव आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी दयाराम धावत आला. पंडरीच्या कापडबाजारातले एक सेठ घर घ्यायला तयार होते. रोकडा सौदा, फाइल-बिईल तेच सोडवून घेणार. आणि मुख्य म्हणजे, "कका, सेठ बाहिर के नइ खावय! घर ले डब्बा धर के आथे!"

न जेवणारं गिऱ्हाईक! मारोतरावांनी हात जोडले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता सेठ यायचे ठरले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या फांद्या घेऊन घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात आपटायच्या आणि ओरडायचं, "ईडा-पीडा, रोगराई, घेऊन जाय गे मारबत!" वर्षभरात जे जे म्हणून छळत असेल त्याचं नाव घ्यायचं आणि मारबतीच्या गळ्यात बांधायचं. मग फांद्या दूर नेऊन फेकायच्या. नागपुरात मारबतीचे पुतळे करून याची मोठी मिरवणूक निघते. शंकरनगरात ती एकट्या मारोतरावांची निघे. घर बांधलं तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं.

त्या पहाटे मारोतराव धोतराचा काचा मारून सुरू झाले. "ढेकूण-मच्छर घेऊन जाय गे मारबत! खांसी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" इथवर नेहमीचं होतं. पण बैठकीत आले, रिकामे पाट दिसले, आणि सहा महिन्यांचा कोंडलेला आवाज पोटातून वर आला. "फुकट्या गिऱ्हाइकायले घेऊन जाय गे मारबत! त्या सुकलाले घेऊन जाय! दयारामाले लुनासकट घेऊन जाय गे मारबत!" केस उभे, डोळे लाल, फांदी गरगरा फिरवत ते ओट्यावरून उतरले, फाटक धाडकन उघडलं आणि फांदी सगळ्या जोरानिशी बाहेर भिरकावली.

ती सेठच्या टोपीवर पडली.

सेठच्या ज्योतिष्याने दहाचा नव्हे, सूर्योदयाचा मुहूर्त काढून दिला होता. सेठ आणि सेठाणी केव्हापासून फाटकाशी उभे राहून ऐकत होते.

"दादा," सेठने टोपीवरचं पळसाचं पान काढत विचारलं, "ये मारबत कौन है?"

इथे मारोतरावांनी खोटं बोलायला हवं होतं. पण मालगोदामात त्यांनी कधी खोटी नोंद केली नव्हती.

"बुरी चीज़ को ले जाती है," ते धापा टाकत म्हणाले. "हर साल निकालते हैं. कोने-कोने से."

"हर साल? यानी हर साल वापस आती है?"

"हर साल आती है."

"कब से?"

"घर बाँधा तब से."

सेठाणीने सेठची बाही घट्ट धरली. "तो अंदर है अभी?"

"अभी तो निकाली!" मारोतराव अभिमानाने म्हणाले. "वो क्या, सेठजी के सर पे."

सेठ गाडीकडे चालत गेले नाहीत, नेले गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या पंडरीला कळलं की शंकरनगरातल्या एका हिरव्या घरात मारबत राहते, आणि तिला गिऱ्हाईक, दलाल, उपसचिव, काहीही चालतं. त्यानंतर घराला एकही गिऱ्हाईक आलं नाही. आले ते फक्त शुक्लाजी आणि मंडळी. "हम मारबत से नहीं डरते दादा," असं म्हणून त्यांनी पाट ओढले.

नवरात्र बसलं. मारोतरावांचं जेवण कमी झालं. भरल्या पंगतीत तेच एकटे उपाशी उठत. दसरा चार दिवसांवर आला आणि तेव्हाच नरहरचा फोन खणाणला. "भाऊजी, सोनं कुठून वाटणार मंग?" आणि हसून पुढे म्हणाला, "राहू द्या. मीच येऊन राहिलो. तुमच्या नव्या राज्यात ठेके निघाले म्हणते. मंत्रालयात काम हाये."

ज्याला दाखवायचं होतं, तोच बघायला निघाला. मारोतरावांनी नऊ वेळा कुलदैवताचं नाव घेतलं आणि दहाव्यांदा साळ्याचं.

नरहर आला. म्हणजे गाडीत जागा राहून, टेसन चुकू नये म्हणून दुर्गपासूनच दारात उभा राहून आला. सकाळी परस्पर मंत्रालयात गेला. तिथे शुक्ला नावाच्या उपसचिवाच्या दाराबाहेर, पूर्वी जिथे रुग्ण बसत त्या बाकड्यावर, तीन तास बसला. साहेब साडेबाराला उठून गेले. शिपाई म्हणाला, "साहब घर देखने गए हैं." वैतागलेला नरहर रिक्षा करून बहिणीच्या घरी आला.

गल्लीत लाल दिव्यांची रांग. फाटकात ड्रायव्हर. ओट्यावर ज्यांच्या सह्यांनी रस्ते निघतात आणि पूल पडतात अशा माणसांच्या चपला. आत पंगत, आणि पंगतीच्या मध्यावर तेच शुक्लाजी, पाटावर मांडी घालून, "दीदी, थोड़ी कढ़ी और," म्हणत वाटी पुढे करत होते.

नरहरचा आवाज गेला. पहिल्यांदाच. तो दाराला टेकून उभा राहिला.

"ये कौन हैं दादा?" शुक्लाजींनी विचारलं.

मारोतरावांनी नरहरकडे पाहिलं. त्या लग्नातलं वरण त्यांच्या घशातून उलटं वर आलं, थेट जिभेवर.

"ये?" ते सावकाश म्हणाले. "मेरे साले. रायपुर से बंबई जाते समय नींद में एक स्टेशन लगता है न, वहाँ के हैं."

पंगत हसली. ड्रायव्हर हसले. नाना सोनटक्के तर इतके हसले की त्यांच्या मिशीत कढी गेली. सगळ्यांत शेवटी स्वयंपाकघरातून भांडं पडल्यासारखा एक आवाज आला. ते विमलाबाईंचं हसू होतं.

साहेब लोक गेल्यावर नरहरने मारोतरावांना ओट्यावर नेलं. आवाज अजून परतला नव्हता, म्हणून हळू बोलत होता.

"भाऊजी, घर विकून राहिले ना?"

"हो... म्हंजे..."

"मी घेतो. तुम्ही सांगान तो भाव. मारबत-फिरबत मले सांगू नका, मी नागपूरचा हाओ. नागपूरचं माहं घर तुम्ही घ्या, गल्लीत सगळ्यायहून उंच. मी इथं येतो. असे शेजारी, अशी पंगत..." त्याने लाल दिव्यांच्या गाड्यांच्या चाकांचे ठसे डोळे भरून पाहिले. "भाऊजी, खरं रायपूर तं हे हाये!"

मारोतराव ओट्याच्या कडेवर बसले. हवं होतं ते सगळं समोर होतं. नरहरचीच गल्ली, नरहरचंच उंच घर. फक्त त्या गल्लीत नरहर नसणार होता. तो इथे, या ओट्यावर, शुक्लाजींच्या मांडीला मांडी लावून बसणार होता. आणि मारोतराव तिथे, वरच्या मजल्यावर, एकटेच आपल्या पानावर. त्यांना दाखवायचं ते दाखवून झालं होतं, आतल्या पंगतीत, आत्ताच.

पण शब्द दिलेला! साळ्याला 'नाही' म्हणणं म्हणजे पुन्हा त्याच 'पाहू'शी गाठ.

आणि तेव्हा त्यांना नानांचं बोलणं आठवलं. त्यांनी नरहरला निरखून पाहिलं.

"नरहर, तू जेवला का रे?"

"माहे नवरात्राचे उपास हायेत भाऊजी. सकाळपासून चहावर हाओ."

न जेवलेलं गिऱ्हाईक! मारोतराव अख्ख्या सात महिन्यांत उठले नव्हते इतक्या चपळाईने उठले आणि आत तोंड करून गरजले, "विमले! नरहरसाठी ताट कर! उपासाचं! भरपूर वाढ!"

विमलाबाई दारातच उभ्या होत्या. हातात ताट होतं. साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, त्यावर तुपाची धार. ती धार गार होऊन गोठत आली होती. ताट केव्हाचं वाढून तयार होतं.

नरहर जेवला. दोनदा आमटी मागून घेतली. शेवटी हात धुतले, ओट्यावर ऐसपैस बसला, ढेकर दिला, आणि घराच्या भावाविषयी चकार शब्द न काढता म्हणाला, "ताई, उद्या काय करून राहिली?"

दसऱ्याचं सोनं शंकरनगरातच वाटलं गेलं. शुक्लाजींनी गोड बातमी आणली की फाइल दुर्गपर्यंत पोचली आहे. मारोतरावांनी त्यांना वडी वाढता वाढता सांगितलं, "उसको बोलो, आराम से आए. कोई जल्दी नहीं."

रात्री त्यांनी विमलाबाईंना विचारलं, "काय वं, पयल्या दिवशी तू त्या सुकलाले जेवाले घातलं, तवाच तुले माहीत होतं का?"

"काय माहीत होतं?" विमलाबाई म्हणाल्या. त्या उद्याचा सांबार चिरत होत्या. विळीचा आवाज अजिबात येत नव्हता.